हिरवा रस आणि निळ्या पेशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर रसमहाराजांनी काळपट पाण्याने भरलेला काचेचा पेला उंच धरला.

"हे काय आहे? हे तुमचं रक्त! हवा खराब, अन्न खराब, विचार तर त्याहून खराब! आणि हा माझा पानांचा रस. डोळे मिटू नका, नाहीतर उद्या म्हणाल, महाराजांनी फसवलं!"

रसाचे थोडे थेंब पडले, पेला हलला आणि काळं पाणी बघता बघता नितळ झालं. लोक उभे राहिले. कुणी हात जोडले, कुणाला रडू फुटलं. पुढच्या रांगेत चष्मेवाले काका लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

काकांचं चष्म्यांचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर. दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहायचे. काकू कधीच गेल्या होत्या, मुलगा परदेशात. मी इस्पितळात रक्त तपासणारी डॉक्टर, वरच्या मजल्यावर राहते, तेही एकटीच. काकांनी फारच आग्रह केला म्हणून त्या दिवशी सभेला गेले होते.

परतताना मी म्हटलं, "काका, ही हातचलाखी आहे."

"असेल. पण तिथे लोक विचारतात हो, काका, जेवलात का? दुकानात येणारा फक्त चष्म्याचा नंबर सांगतो."



सुरुवातीला ते चमचाभर रस घेत आणि तरतरी वाटते म्हणत. मग महाराजांचा हुकूम सुटला, "चमच्याने एवढा गुण, तर पेल्याने किती!" काका सकाळ-संध्याकाळ पेला रिचवू लागले. पुढे त्यांचं तोंड आलं, ताप हटेना. मी रक्त तपासलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घटल्या होत्या. दुसरं कुठलं औषध ते घेत नव्हते, बाकीच्या तपासण्यांतही काही सापडलं नाही.

"रस बंद करा," मी म्हटलं.

"कसा करू? काळं पाणी नितळ झालेलं या डोळ्यांनी पाहिलंय. आणि या डोळ्यांचा नंबर मी स्वतः काढलाय!"

मी घरून जखमेवर लावायचं आयोडीन आणि एक लिंबू आणलं. त्यांच्याच पेल्यातल्या पाण्यात आयोडीन टाकलं. पाणी काळपट झालं. लिंबू पिळलं, पाणी नितळ.

"लिंबातलं द्रव्य आयोडीनचा रंग घालवतं. पानांच्या रसातही तशी द्रव्यं असतात. यात तुमचं रक्त आलं कुठून?"

काकांनी पेला उजेडाकडे धरला. "म्हणजे रस म्हणजे नुसतंच पाणी?"

"नाही ना! तसं असतं तर तुम्ही आजारी पडला नसता."

त्यांना मी प्रयोगशाळेत नेलं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन नळ्यांत घेतल्या. पहिलीत पेशींना इजा करणारं रसायन घातलं. दुसरीत तेच रसायन, पण आधी काकांच्या बाटलीतल्या रसाचा अगदी लहान थेंब. तिसरीत रसायन नाहीच, नुसता भरपूर रस. काही तासांनी तिन्हींत मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग मिसळला.

काकांनी सूक्ष्मदर्शकाचं चाक सराईतपणे फिरवलं. "पहिलीत बऱ्याच निळ्या. दुसरीत थोड्याच." तिसरीशी ते बराच वेळ थांबले. "इथे तर सगळ्याच निळ्या, डॉक्टरीणबाई. म्हणजे राखतोही तोच आणि मारतोही तोच?"

"हो. थोडा असताना तो इजा अडवतो, फार झाला की स्वतःच इजा करतो. नळी म्हणजे शरीर नव्हे. तुमच्या शरीरात नेमकं काय घडलं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमच्या पेशी घटल्यात, हे मोजलेलं आहे."

काकांनी रस सोडला. ताप उतरला, पेशी हळूहळू वाढल्या. अंगात जरा त्राण आल्यावर ते आपणहून सभेला गेले आणि सगळ्यांसमोर आयोडीन आणि लिंबाचा खेळ करून दाखवला. मग महाराज हसले, "बिचाऱ्याची श्रद्धा आटली!" लोकही हसले. काही जण मात्र मान खाली घालून बाहेर पडले. काकांच्या शेजारी रोज बसणाऱ्या बाईंनी आपली खुर्ची दूर ओढून घेतली.

त्यानंतर सभेतलं कुणी दुकानाकडे फिरकलं नाही. समोरून जाताना ओळखीची माणसं पलीकडचा फूटपाथ धरायची. एकदा काका म्हणाले, "मी बरा झालो खरा, पण कुणाला सांगू?" मी एक स्टूल ओढलं आणि बसले. हल्ली कामावरून आले की बसते. बोलायला दर वेळी काही असतंच असं नाही.

पाना-मुळांत गुण असतात, हे कोण नाकारतं? पण जिथे गुण आहे तिथे मात्राही आहे, आणि मात्रा टाळ्यांनी ठरत नाही, मोजून ठरते. पेल्यातला चमत्कार बघाल तेव्हा विचारा: यात आधी काय घातलं होतं? किती घ्यायचं? कुणी तपासलं? आणि तुमच्या शेजारचं एकटं माणूस अशा सभेला जात असेल, तर त्याच्या हातची बाटली हिसकावण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. नाहीतर ते माणूस तुम्ही सांगितलेलं खरं ऐकेल, आणि खोट्याच्याच दारी परत जाईल.