मागं जाणाऱ्या जीपचा दांडा

मी जीपच्या गिअरचा दांडा बोलतोय. ज्याच्या डोक्यावर ड्रायव्हरचा हात असतो, तोच. लय दिवस मला वाटायचं, हा मला आशीर्वाद देतोय.

ताडकळसच्या बन्सीधररावांची जीप. गाडी मीच चालवतो, अशी माझी पक्की समजूत. इंजिन नुसतं वरडतंय, चाकं लोळायलीत, अक्कल काय ती माझी.

शहाऐंशी साली त्यांच्या मनकर्णाचं लग्न झालं. पोरीला सासरी वाटी लावायची वेळ आली. वऱ्हाडाचा ट्रक पुढं निघून गेलेला. नवरा-नवरी ड्रायव्हरशेजारी बसले, सासू चांगुणाबाई मागं. त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या. "दिवस मावळायच्या आत सून पिंगळीच्या उंबऱ्यात पाहिजे. आन पोरी, मागं वळून बघायचं न्हाई."

सटवाजी ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला. पडलाच नाही. दुसरा, तिसरा, तेच.

लगेच मांडवातली सगळी मंडळी मिस्त्री झाली. कोणी म्हणलं क्लच गेला, कोणी म्हणलं तेल संपलं. एकानं चाकाला लाथ मारून बघितली. म्हाताऱ्या तानुबाईनं बॉनेटवरून लिंबू उतरवलं. मी मनात म्हणलं, गिअरबॉक्सच नालायक.

शेवटी मागचा गिअर पडला. तेवढाच.

"पिंगळीपर्यंत उलटं नेतोस का रे माझ्या सुनेला?" चांगुणाबाईनं विचारलं.

"न्हाईतर इथंच दिवस मावळतोय, मावशी."

त्यांनी सूर्याकडं बघितलं. "चल. पण हळू. मला गाडी लागती."

जीप उलटी निघाली. मनकर्णा सांगितल्यासारखी समोर बघत बसली. समोर तिची माय, कमलबाई, उभी होती. कॅनॉलच्या वळणापर्यंत काचेत माय दिसत राहिली. कमलबाईंनी वर केलेला हात खाली घेतलाच नाही. नवरदेवालाही तेवढा वेळ सासूकडंच बघावं लागलं. बिचारा मधूनमधून नमस्कार करायचा.

पिंगळीत ऊन जरासं शिल्लक होतं. चांगुणाबाई मागं बसलेल्या, म्हणून सुनेच्या आधी घरी त्याच पोचल्या. सटवाजीची मान मात्र पुढं लय दिवस तिरपी राहिली.

दत्तराव मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडला. आतले दात चकाचक. मग मला उपसून उजेडात धरलं. "ह्याचं टोक झिजलंय. बाकी गाडी ठणठणीत."

नवा दांडा बसला. मी कमलबाईंच्या खलबत्त्यात शेंगदाणे आन मिरच्या कुटायला लागलो. ते काम मला जमतं. तिथं गिअर नाहीत.

पुढच्या लग्नसराईत शेजारच्या कस्तुराबाई आल्या. "माझ्या पोरीला ती उलटी जीप पाहिजे."

"वहिनी, ती दुरुस्त झाली," बन्सीधरराव म्हणले.

"मग बिघडवा."

तवापासून गावात पोरगी वाटी लावायची असली की नव्याला काढतात आन मला बसवतात. सासवा कुरकुर करतात, पण त्यांचा नियम काही मोडत नाही. पोरगी समोरच बघत असते. जीपला थोडा ठेच्याचा वास येतो, एवढंच.

आता दत्तराव म्हणतोय, टोकाला वेल्डिंग करतो, नवा होशील. तुम्हाला कुठं भेटला तर त्याला चहा पाजा आन बसवून ठेवा. सोमवारी मनकर्णाच्या धाकट्या बहिणीचं लग्न हाय. कमलबाईंनी मला आजच चिंच लावून घासून ठेवलंय.