चौथं नाव

झिऊला “चांगल्या चार-सहा चुका सांग” असं सांगितलं ते थोआनेच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गिरणीतल्या बायकांनी हनोईच्या सरकारला दोष दिला, कचेरीतल्या ख्वातला दिला, नशिबाला दिला. थोआचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

त्या वर्षी सरकारचं नवं धोरण आलं. तोवर कसं होतं, शाळा संपली की सरकार काम द्यायचं आणि केस पिकेपर्यंत ते काम आपलंच. आता गिरणीने आपलं कापड आपण विकायचं, आपलं पोट आपण भरायचं आणि जास्तीच्या कामगारांना ‘मोकळं’ करायचं, असा कागद आला.

“मोकळं करतात म्हणे!” लुआ नळावर हात धुता धुता ओरडली. “आपण काय दावणीच्या म्हशी होतो का गं?”

बायका हसल्या खऱ्या, पण प्रत्येक गटाने चार नावं द्यायची आहेत हे कळल्यावर नळावर कुणी थांबेना. थोआच्या गटात बावीस जणी. तिघींनी आपण होऊन नाव दिलं: एकीचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं, दोघी माहेरी शेतावर निघाल्या होत्या. चौथं नाव सभेत ठरायचं होतं, कसं ते कुणी सांगितलं नव्हतं.

सभा म्हणजे वर्षाअखेरची आत्मटीकेची सभा. एकेकीने उभं राहून आपल्या चुका बोलून दाखवायच्या. मग गटप्रमुख उठणार, “कॉम्रेड स्वतःवर फार कडक आहेत” म्हणणार, टाळ्या होणार, चहा आणि शेंगदाण्याची वडी येणार. जिने जास्त चुका कबूल केल्या, ती जास्त प्रामाणिक. एका वर्षी एक बाई “माझ्याकडून तर काही चुकलं नाही बुवा” म्हणाली, तर वर्षभर तिला सगळ्यांनी शिष्ट ठरवलं होतं. एकोणीस वर्षं थोआ गटप्रमुख म्हणून उठत होती आणि एकोणीस वर्षं झिऊ तिच्याकडे बघून चुका सांगत होती.

दोघींचे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकच. सकाळच्या पाळीला झिऊ, दुपारच्या पाळीला थोआ. बॉम्ब पडायचे त्या वर्षांत साचे खेड्यातल्या देवळात हलवले होते, तेव्हापासूनची ही जोडी. एकीने तोडलेलं सूत दुसरी जोडायची आणि वरून शिव्या घालायची. झिऊचा नवरा दक्षिणेच्या लढाईतून परत आला नाही. घरात आंधळी सासू, शाळेतली मुलगी आणि ही एक नोकरी. ती गेली तर झिऊपाशी काही म्हणजे काही उरणार नव्हतं.

“थोआ, मला भीती वाटते गं,” सभेच्या दोन दिवस आधी ती म्हणाली. “या खेपेला गप्प बसू का?”

“वेडी की काय! गप्प बसलीस तर शिष्ट म्हणतील. चांगल्या चार-सहा चुका सांग, मी आहे ना उठायला.”

“नक्की उठशील?”

“आजवर कधी बसलेय?”

हे ती मनापासून बोलली होती. त्यात खोट नव्हती.

सभेच्या दिवशी बायका बाकांवर बसल्या होत्या. कामगार कचेरीचा ख्वात हा भला माणूस, कुणाला वर मान करून बोलला नाही कधी. त्याने थोआला जिन्याखाली बोलावलं.

“ताई, आज कबुल्या लिहून वर जाणार आहेत. त्यावरच ठरेल.”

“म्हणजे? त्या तर नुसत्या बोलायच्या असतात!”

“मला कळतं हो. वरच्यांना कळत नाही. आणि एक सांगतो, रागावू नका. नव्या व्यवस्थेत गटप्रमुख हे पदच नाही. आज चौथं नाव निघालं नाही, तर मला तुमचंच लिहावं लागेल.”

थोआच्या नवऱ्याला मागच्याच महिन्यात रंगखात्यातून मोकळं केलं होतं. तो दिवसभर दारात बसून सायकलीची साखळी साफ करायचा, साफ असलेलीच. दोन पोरं होती. मागे वळून झिऊच्या कानात एक शब्द टाकायचा, एवढंच करायचं होतं. दारापासून झिऊचा बाक सहा पावलांवर होता. थोआ गेली आणि आपल्या जागेवर बसली.

पाच-सहा जणी अडखळत बोलल्या. “एकदा उशीर झाला,” “एकदा सुताची कांडी सांडली.” वारा बदलला आहे हे त्यांच्या नाकाला कळलं होतं. मग झिऊ उठली. मेलीने चक्क तयारी केली होती! पदराला हात पुसावेत तसे तिने सदऱ्याला हात पुसले आणि शाळेतल्या पोरीसारखी घडाघडा सुरू झाली. सूत वाया घालवलं. मुलगी तापली म्हणून तीन दिवस उशिरा आले. दिवसपाळीतही डुलक्या काढल्या. साच्याकडे लक्ष नव्हतं, म्हणून कापडात गाठी आल्या. ही डुलक्यांची गोष्ट तर धादांत खोटी. तिला डुलकी येते तरी का? थोआला ठाऊक होतं, चुका चार-सहा व्हाव्यात म्हणून तिने ती पदरची घातली होती.

ख्वात लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने मान वर केली. “कॉम्रेडबद्दल कुणाला काही बोलायचंय?”

सगळ्या माना थोआकडे वळल्या. उठायचा मान तिचाच. झिऊ अजून उभीच होती, ओठांवर ते नेहमीचं लाजरं हसू घेऊन.

थोआने जमिनीकडे बघितलं. ऊठ, ऊठ गं बये, असं ती स्वतःला सांगत होती. गुडघे जागचे हलले नाहीत. कुणीतरी खोकलं. मागून लुआ हळूच म्हणाली, “अगं प्रमुख, ऊठ की!” थोआ उठली नाही.

“बरं,” ख्वात म्हणाला आणि त्याने कागद पालटला.

झिऊचं हसू लगेच गेलं नाही. ते विसरून राहिल्यासारखं बराच वेळ तिच्या तोंडावर तसंच होतं. चहा आला, पण वडीला कुणी हात लावला नाही.

आठ दिवसांनी थोआ झिऊच्या घरी गेली. झिऊ अंगणात टोपलीभर चिकट तांदूळ निवडत होती. पहाटे बसथांब्यावर भात विकायला बसायचं तिने ठरवलं होतं. सासू आतून “कोण आलंय?” म्हणून विचारत होती.

“थोआ आलीय, आई,” झिऊने सांगितलं आणि पाट पुढे सरकवला.

थोआ बसली नाही. “झिऊ, मला आधी कळलं होतं. ख्वातने जिन्याखाली सांगितलं होतं. तू नाहीस तर मी, असं होतं ते. मी मुद्दाम बसून राहिले गं. मला चपलेने मार, पण काहीतरी बोल.”

झिऊ तांदळातले खडे वेचत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोआला सोसवेना.

“मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील तुझ्या,” ती म्हणाली. “मी तुझ्या गुडघ्यांकडेच बघत होते. आता उठेल, आता उठेल.”

“तू माझ्या जागी असतीस तर...”

“मी उठले असते गं,” झिऊ म्हणाली.

ते खरं होतं. दोघींनाही माहीत होतं की ते खरं होतं. थोआ तिथेच अंगणात, तांदळाच्या टोपलीपाशी मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. आतून म्हातारी विचारत राहिली, “काय झालं? कोण रडतंय?” दुपारच्या पाळीचा भोंगा झाला, तेव्हा झिऊनेच थोआचा हात धरून तिला उठवलं आणि म्हणाली, “जा. उशीर होईल.”