तीन आठवड्यांचा कान

संगीताचा कान उपजत नसतो. तो तपश्चर्येने घडतो. लक्ष्मीकांत मुळे याला ही तपश्चर्या तीन आठवड्यांत उरकायची होती.

मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत तो आवक-जावक सांभाळायचा. रामबागेतली कुमुदिनी त्याला मनापासून पसंत होती, तिलाही तो. पण तिचे वडील बाबूराव यांचा निरोप आला की पत्रिका जुळते, पगारही चालेल. मात्र आमच्या घरात पेटी वाजते, जावयाला निदान स्वर ओळखता यावेत. तेवढं तीन आठवड्यांनी येऊन दाखवावं.

कचेरीतल्या पांडुरंगला गाण्याचा नाद. त्याने उपाय सांगितला, "बड्या ख्यालांच्या चक्कर में मत पडना, भिया. तीन-चार स्वरांचं साधं गाणं धर. तेच ऐकत राहा."

घरात असं गाणं एकच होतं, द्वारकाआत्याची जात्यावरची ओवी. लक्ष्मीकांत रोज सकाळी वही घेऊन जात्याशेजारी बसू लागला. पांडुरंगने एकदा येऊन कुठे कोणता स्वर लागतो ते लिहून दिलं. आत्याला एवढा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. ती दळतच सुटली. पीठ ठेवायला डबे उरले नाहीत, शेजारी वाटावं लागलं. पण तिसऱ्या आठवड्यात कान तयार झाला. आत्या 'माहेर' म्हणाली की तिसरा स्वर, गंधार; 'भाऊ' म्हणाली की दुसरा, रिषभ. एकही चूक नाही.

रविवारी बाबूरावांनी पेटी उघडली.

"हा षड्ज. आता सांगा लक्ष्मीकांतजी, हा कोणता?"

लक्ष्मीकांतने कान दिला. सूर गोड होता, पण त्यात माहेर नव्हतं, भाऊही नव्हता. बाबूरावांनी पुन्हा पट्टी दाबली. त्यांच्या पाठीमागे, दाराआडून कुमुदिनीने तीन बोटं दाखवली. चहात तीन चमचे साखर घालू का, असं ती विचारते आहे असं वाटून त्याने नको म्हणून मान हलवली. तिने पुन्हा तीनच दाखवली, या वेळी जरा रागाने.

"जरा शब्दांसकट वाजवता का?" तो म्हणाला.

बाबूरावांनी भाता मिटला आणि ते महूच्या हवेविषयी बोलू लागले.

मार्गशीर्षात कुमुदिनीचं लग्न महूच्या एका ओव्हरसिअरशी झालं. त्याला कुणी स्वर विचारले नाहीत. त्याला सरकारी क्वार्टर होतं.