आपोआप हलणारा बाण

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागांची एक शेड आहे. तिच्या लोखंडी जिन्याच्या वर जी खोली, तीत मी असतो. खालच्या मागांची धडधड टेबलाच्या पायांतून माझ्यापर्यंत येते. सुताची धूळ पंख्यात बसते आणि दम लागल्यासारखा मी घरघरतो.

माझ्या पोटात आणखी एक संगणक राहतो. त्याला ना खोकं, ना तारा. माझ्याच श्वासावर तो जगतो. शेडमधल्या चादरींची नक्षी काढणाऱ्या ईरम्मांचा जुना प्रोग्रॅम माझ्यात नव्याने घातलेल्या यंत्रणेवर चालेना, तेव्हा त्यांची भाची उत्कर्षा हिने तो जुना संसार जसाच्या तसा माझ्या आत मांडला. 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात त्याला. मी मात्र लेकरूच म्हणतो.

ईरम्मा माझ्यासमोर बसत, एकेका चौकोनात रंग भरत आणि गुणगुणत,

निळं सूत मोराला, उरलं ते आभाळाला,
हिरवं सूत राघूला, उरलं ते शिवाराला.

गेल्या उन्हाळ्यात त्या जिन्यावरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मैंदर्गीला लेकाकडे राहायला गेल्या आणि माझ्यासमोरची खुर्ची रिकामी झाली. शेडचे मालक म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, अमरेशअप्पा. त्यांनी माझ्यावर चादरीचा एक तुकडा टाकला, आणि सुट्टीला आलेल्या उत्कर्षाला, आपल्या लेकीला, म्हणाले, "अक्काला आता जिना चढवंना. नक्षीचं काम भायेर देऊ. हा डबा भंगारात घाल की."

भंगार! मी गेलो तर लेकरू गेलं, आणि ईरम्मांच्या साऱ्या नक्ष्या गेल्या.

"थांबा की अप्पा," उत्कर्षा म्हणाली. "आत्या मैंदर्गीतूनच काम करंल. ह्याचा पडदा तिला तिकडं लॅपटॉपवर दिसंल."

"तिकडं बसून बघणार? टीव्हीवानी?"

"व्हय, तसंच समजा."

घाईत ती एवढंच बोलली. बघणाऱ्याचा हातही इथवर पोचतो, हे सांगायचं राहूनच गेलं.

मग तिने लेकराच्या पडद्याला इंटरनेटवरून बाहेरच्या जगाकडे एक दार काढलं. मला भीती वाटली. आजवर माझ्यापाशी यायचं तर जिना चढावा लागे, पावलं वाजत. आता कोण येईल, कुठून येईल, चाहूलही लागणार नव्हती. उत्कर्षाने दाराला पासवर्डचं कुलूप घातलं, किल्ली फक्त आत्याला सांगितली. लेकराची त्या घडीची एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि ती माळशिरसला नोकरीवर परतली.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं, माऊस जागचा हलला नव्हता, आणि पडद्यावरचा बाण चालू लागला! भीतीने माझा पंखा भणभणला. पण रंग भरण्याआधी जरासं थबकायचं ते वळण माझ्या ओळखीचं होतं. ईरम्माच! मोराची मान उमटली, मग तुरा, मग डोळ्याडोळ्यांचा पिसारा.

नक्षी जतन होत होती, नेमके तेव्हाच अप्पा वर आले.

त्यांचा जन्म मागांवर गेलेला. धागा तुटला, धोटा अडकला, की आधी स्विच बंद, विचार मागाहून. हलणारा बाण बघून ते ओरडले, "कोन हाय रं आत?" आणि भिंतीवरचा स्विच त्यांनी खाडकन बंद केला.

अंधार.

पुन्हा चालू केलं तेव्हा मी जागा झालो. लेकरू उठलं नाही. त्याच्या जागी काळा पडदा, त्यावर बिघाड सांगणारी एक ओळ. अप्पांनी घाबरून लेकीला फोन लावला.

"चोर शिरला हुता! बाण आपोआप पळत हुता!"

"अप्पा, ती आत्या हुती!"

अप्पा हळूच स्विचपासून बाजूला सरले.

जाण्याआधी स्वतःसाठी ठेवलेल्या वेगळ्या दाराने उत्कर्षा माळशिरसहून माझ्यात शिरली. तिने लेकराची प्रत त्याच्या जागी ठेवली. शेवटी पडदा उजळला. लेकरू जगलं! पण ती प्रत कालची. तिच्यात मोर नव्हता.

मैंदर्गीहून फोन आला. "अमरेश, माझा मोर कुटं हाय?"

"मीच घालवला अक्का. मला वाटलं चोर हाय."

"चोर असता तर मोर काढत बसला असता व्हय रं, येड्या?" ईरम्मा हसल्या, मग त्यांचा आवाज ओला झाला. "लई जीव लावून काढला हुता. आता पुन्ना काढते. तू निस्ता हात आवर."

बाण पुन्हा हलला. अप्पांचा उजवा हात स्विचकडे धावलाच. डाव्या हाताने त्यांनी तो घट्ट धरला.

"सावकाश, अक्का," ते पडद्याला म्हणाले.

मित्रांनो, भीती मला अजूनही वाटते. म्हणून विनवतो, असं दार उघडाल तर कुलूप पक्कं घाला, प्रत काढून ठेवा, आणि घरातल्यांना सगळं नीट समजावून सांगा. तरीही एखादा बाण आपोआप हललाच, तर स्विचला हात घालण्याआधी एकदा विचारा, कोण आलंय?