फरकांच्या फरकात फरक नाही

"फरकांच्या फरकात फरक नाही," दशांश म्हणाला आणि त्याने चहाचा कप उचलला.

खोलीत तिघं होती. शिक्षणशास्त्र शिकवणारी बाई, सार्वजनिक आरोग्याचा डॉक्टर आणि हा गणिती. त्याला अख्खी इमारत दशांश म्हणायची, कारण त्याचं वाक्य कधी पूर्णांकात संपत नसे, शेवटी काहीतरी उरायचंच. आज मात्र वाक्य संपलं होतं आणि ते कुणाला कळलं नव्हतं.

"माणसांच्या भाषेत सांग," डॉक्टर म्हणाला.

"कानखोली असलेल्या शाळांत मुलांचे गणिताचे गुण वर्षभरात जेवढे बदलले, तेवढेच कानखोली नसलेल्या शाळांतही बदलले. म्हणजे कानखोलीमुळे... तसं बघायला गेलं तर..."

"बघायला गेलं तर काय?"

"काही नाही. फरक नाही."

कानखोली म्हणजे शाळेतली एक छोटी खोली. तिथे नर्स बसते, मुलांचे कान तपासते, वाहणारा कान कापसाच्या वातीने कोरडा करते, औषध घालते. यामागचं म्हणणं साधं होतं: पोरांना गणित येत नाही, कारण त्यांना ऐकूच येत नाही. मास्तर सात म्हणतात आणि पोराला साठ ऐकू येतं. पुढचं सगळं गणित त्या साठाने बोंबलतं. ही कल्पना तिघांची होती, म्हणजे जमली तर प्रत्येकाची आणि फसली तर उरलेल्या दोघांची.

कान बरे झाले होते, त्यात वाद नव्हता. डॉक्टरने स्वतः शाळाशाळांत फिरून कान पाहिले होते. पण खोल्या चालवत होतं शाळाखातं, आणि शाळाखात्याला कानाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना गुण हवे होते. गुण वाढले तर खोल्या राहतील, नाहीतर कुलूप. बैठक परवावर आली होती आणि अहवालावर पहिली सही बाईची असणार होती.

पोराच्या कानातून पू यायचा थांबला, ठणका थांबला, सकाळी उशी कोरडी निघायला लागली, एवढं यांना पुरत नाही. त्याला भागाकारही यायला हवा. ज्याने ही अट घातली त्याचा कान जन्मात कधी ठणकला नसणार.

बाई घरी आली तेव्हा धाकटी नणंद जिन्यातच भेटली. ती वरच्या मजल्यावर राहायची, आणि एका शाळेच्या कानखोलीतली नर्स तीच होती. अडगळीची जागा तिने स्वतः झाडून, पुसून, मुख्याध्यापकाशी भांडून मिळवली होती.

"काय निघालं, वहिनी?"

"फरक नाही म्हणतोय."

"कोण?"

"दशांश."

"त्याला म्हणावं, एक दिवस माझ्या खोलीत येऊन बस. एक मुलगा होता माझ्याकडे, दगडासारखा बसायचा. कान सुकला आणि आता तोंड मिटत नाही त्याचं. मास्तर मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, सिस्टर, आजारी होता तेव्हाच बरा होता."

बाई हसली आणि हसता हसता थांबली. "मग त्याचे गुण?"

"घसरले असणार. वर्गात नुसत्या गप्पा मारतो."

"म्हणजे कान बरा झाल्यामुळे गुण कमी झाले?"

"अगं, मी काय म्हणतेय आणि तू काय ऐकतेयस! कान दाखव तुझा." नणंदेने जिन्यातच कमरेवर हात ठेवले. "हे बघ, तू सही केलीस की माझी खोली गेली. मला टाकतील लांब कुठेतरी, त्याचं मला काही नाही. पण पोरं कुठे जाणार? पुन्हा काडी घालून कान कोरत बसणार."

"खोटं लिहू का मग?"

"मी कुठे म्हटलं खोटं लिही? खरं नीट शोध म्हटलं."

आत बाईचा नवरा बहीण आणि बायको यांच्या मध्ये सापडायला नको म्हणून पेपर तोंडासमोर धरून बसला होता. पेपर कालचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईने दशांशला संगणकावर सगळे आकडे उघडायला लावले. ती पडद्यावरून बोट फिरवत गेली. विद्यापीठात येण्याआधी तिने प्राथमिक शाळेत बरीच वर्षं खडू झिजवला होता. वर्ग म्हटला की कुणी चढणार, कुणी पडणार. कुणाचे आईबाप भांडतात, कुणी आजारी पडतो, कुणाला नवा मास्तर आवडत नाही.

"यात एकही उणे कसा नाही?" तिने विचारलं.

"नाहीये खरा," दशांश म्हणाला. "मला वाटलं, मुलं हुशार..."

"वा! एकही पोरगं मागे गेलं नाही," डॉक्टर खूश झाला. "हेच लिहा अहवालात."

"डॉक्टर, असा वर्ग जगात नसतो. आणि हे कानखोली नसलेल्या शाळांतही आहे. तिथे कुणी काय केलं? मंत्र म्हटले?"

तिने नणंदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, तुमच्याकडे गणितात एकाचेही गुण कमी झाले नाहीत का?"

"झाले की! भरपूर झाले. गेल्या वर्षीचा पहिला यंदा तळाला. त्याच्या बापाने माझं डोकं खाल्लं."

"मग तसं कळवलं का नाही?"

"कळवलं की. तुम्ही फरक मागितला, आम्ही फरक दिला."

"अहो, पण वाढला की घटला..."

"ते तुम्ही विचारलं कुठे? फरक म्हणजे मोठ्यातून लहान वजा. लहानातून मोठं कसं जाणार, बाई? प्रशिक्षणात तुम्हीच सांगता, पोरांना उलटी वजाबाकी करू देऊ नका म्हणून. आमच्या सगळ्या शिक्षकांनी अगदी काटेकोर केलंय. तुमचं नाव खराब होऊ दिलं नाही."

"उत्तरपत्रिका, गुणांच्या याद्या, काही आहे?"

"वर्ष संपलं की सगळ्याच शाळांत रद्दीत जातात. आमच्याकडे कपाट एकच आहे हो."

बाईने फोन ठेवला आणि कागदावर मांडून पाहिलं. बारा गुणांवरून अठरावर गेलेलं पोरगं आणि अठरावरून बारावर आपटलेलं पोरगं, दोघांच्या नावापुढे सहा. दोन्हीकडच्या शाळांत हेच. मग फरकांच्या फरकात फरक दिसणार कुठून?

हे घडलं कसं, तर एकमताने. पहिल्या बैठकीत तिघांनी ठरवलं होतं की शिक्षकांच्या डोक्यावर आधीच कमी कामं नाहीत, तेव्हा सगळे गुण नकोत, फक्त फरक मागवू. बाईच्या मनात फरक म्हणजे बदल, मग तो बरा असो की वाईट. डॉक्टरच्या मनात फरक म्हणजे उतार पडणं. तो जन्मभर रोग्यांना "फरक पडला का?" असंच विचारत आला होता, आणि फरक पडला म्हणजे वाईट झालं असं त्याला एकाही रोग्याने कधी सांगितलं नव्हतं. दशांशच्या मनात फरक म्हणजे नंतरचे उणे आधीचे, चिन्हासकट. चिन्ह वेगळं सांगावं लागतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तिघांनी माना डोलावल्या होत्या. शब्द इतका ओळखीचा, की त्याच्याकडे पाहायची गरज कुणालाच वाटली नाही. एखादा अवघड शब्द असता तर निदान तिघं भांडले तरी असते.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "आपल्या शाळांतले सगळे अधिक धरा."

"आणि दुसऱ्या शाळांतले?" दशांशने विचारलं.

"ते बघू."

"बघू काय? तुमच्या पोरांना अधिक, आणि त्यांच्या पोरांना काय, डोकी नाहीत?" दशांश पहिल्यांदाच चिडलेला दिसला. "सगळं धरता येतं. खोलीचा खूप उपयोग झाला असं धरता येतं. काहीच झाला नाही असंही. नुकसान झालं असंही. आकडे तिन्हीला हो म्हणतात. यांना विचारण्यात काही अर्थच..."

पुढचं वाक्य उरलं.

बाईला खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण कालचा "फरक नाही" खोटा निघाला होता. पण त्याच्या जागी दुसरं काहीच खरं निघालं नव्हतं. नणंदेने सांगितलेला तो बडबड्या मुलगा तिच्या डोक्यातून जाईना. कान बरे झाले आणि गुण खरंच घसरले असले तर? आणि मुळात आपण हे गुण वाढावेत म्हणून शोधतोय की खोली राहावी म्हणून? खोली नणंदेची नसती तर एकही उणे नाही हे तिला दिसलं असतं का? हे तिला कळेना, आणि विचारणार कुणाला? एकाला कानातलं कळतं, दुसऱ्याला आकड्यातलं, आणि मनातल्याचं खातं त्या विद्यापीठात अजून निघालं नव्हतं.

बैठकीत शाळाखात्याचे साहेब घाईत होते.

"लांबण नको. फरक आहे की नाही?"

"माहीत नाही," बाई म्हणाली.

"म्हणजे नाही."

"नाही नव्हे साहेब. माहीत नाही."

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "तीन विषय, तीन पंडित, पूर्ण वर्ष. आणि वजाबाकी चुकली?"

"वजाबाकी बरोबर आहे. आम्ही तिला काय विचारलं ते आमचं आम्हालाच माहीत नव्हतं."

"मग खोल्या बंद करतो. तुमचं ठरलं की कळवा."

"बंद केल्या तर मोजणार काय?" बाईचा आवाज चढला. "पुन्हा एक वर्ष द्या. या वेळी आधीचे, नंतरचे, सगळे गुण आम्ही स्वतः जाऊन आणू."

साहेब विचारात पडले. बाईला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात दशांशने तोंड उघडलं आणि दुर्दैवाने वाक्य पूर्ण केलं.

"पण तुलनेला बिनखोलीच्या शाळा लागतील. वर्षभर ज्यांच्याकडे खोली नव्हती त्यांनाही आपण कबूल केल्याप्रमाणे वर्ष संपल्यावर खोल्या दिल्या. आता सगळीकडेच खोल्या आहेत. म्हणजे निम्म्या बंद कराव्या लागतील. चिठ्ठ्या टाकून."

"निम्म्या?" साहेबांचा चेहरा उजळला. "हे चालेल मला. बाई, बोला. निम्म्या की सगळ्या?"

"निम्म्या," बाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चिठ्ठ्या तिथेच टाकल्या. नणंदेची शाळा बंद होणाऱ्या ढिगात आली.

जिना उतरताना डॉक्टर तिच्या कानाशी लागला. "एक चिठ्ठी इकडची तिकडे. कुणाला कळतंय?"

"मला," मागून दशांश म्हणाला.

बाई कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "राहू दे."

"काय राहू दे? खोली की चिठ्ठी?" डॉक्टरने विचारलं.

"चिठ्ठी."

ती थेट शाळेत गेली. कानखोलीत नणंद एका मुलीच्या कानात कापसाची वात फिरवत होती आणि मुलीची आई आपलाच नंबर लागल्यासारखी बाकाच्या टोकाला बसली होती.

"हलू नकोस गं, राणी. बोल वहिनी, इथेच बोल. हात अडकलेत माझे."

बाई बोलली. निम्म्या, चिठ्ठ्या, वर्ष. नणंदेचा हात थांबला नाही. वात बाहेर आली, तिने ती उजेडात पाहिली आणि टाकली.

"खोलीला लावा कुलूप," ती म्हणाली. "माझ्या हातांना नाही लागणार. मी यांचे कान माझ्या घरी बघीन."

"तसं केलंस तर बिनखोलीच्या शाळेतलेही कान बरे होतील. मग दोन्हीकडे सारखंच दिसेल. साहेब म्हणतील, बघा, खोलीने काही होत नाही. सगळ्याच जातील."

"म्हणजे मी हिचा कान बरा केला तर बाकीच्या पोरांच्या खोल्या जाणार?"

"हो."

"आणि नाही केला तर राहतील?"

"तेही माहीत नाही."

"मग तुला माहीत काय आहे, बाई?" नणंद पहिल्यांदाच तिला वहिनी म्हणाली नाही.

बाईने कापसाच्या डब्याचं झाकण लावलं. हिचं बरोबर आहे, असं तिला वाटलं. मघाशी दशांशचंही बरोबर वाटलं होतं. दोघांचं बरोबर आणि मधे या पोरीचा कान. नणंदेने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तिच्याही कपाळावर आता आठी होती. या खोलीसाठी ती मुख्याध्यापकाशी भांडली होती. दुसऱ्या शाळांतल्या खोल्यांसाठीही कुणीतरी भांडलं असेलच.

मुलगी खुर्चीवरून उतरून आईला बिलगली. आईला यातलं अर्धमुर्धंच कळलं होतं. तिने पदराने मुलीची मान पुसली आणि दबकत विचारलं, "सिस्टर, मग पुढच्या आठवड्यात हिला आणायची ना?"

"नको," नणंद म्हणाली.

"आणा," त्याच क्षणी बाई म्हणाली.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. आई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली.

"अहो, कुणीतरी एकीने सांगा ना."