घाण आपली की पाण्याची

दादाने फोन करून सांगितलं की त्याला तळ्यात नवा जीव सापडलाय, तेव्हा मला खरंच आनंद झाला. मग वहिनीने फोटो पाठवला आणि आनंद दुप्पट झाला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

फोटोत नेहमीची मंडळी होती. पॅरामेशियम, ज्याला आम्ही लहानपणापासून चप्पल म्हणतो, आणि तोंडाशी चाकं फिरवणारा रोटिफर, म्हणजे आमची गिरणी. दोघांच्या मधे एक काळा, वाकडा धागा. तो माझ्या पापणीचा केस होता.

मायक्रोस्कोप बाबांचा. ते पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना तळ्याचा थेंब दाखवायचे. दादाला लगेच कंटाळा यायचा. मला जेवायला हाक मारली तरी मी उठत नसे. ‘मायक्रोस्कोप जी बघते तिचा,’ असं बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते गेले, माझं लग्न ठरलं, आणि दादाने विचारलं, सासरी काय भांडी घासता घासता जंतू बघणारेस? आई गप्प बसली. शेवटचा पुसून द्यावा म्हणून मी आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची नळी, उघडला. रडत होते, डोळे चोळले, आणि पापणीचा केस आत पडला. बंद केल्यावर तो दिसला. पुन्हा उघडणार तोच दादा पेटी घेऊन दारात उभा. म्हटलं, ने.

पुढे तो बाबांच्याच प्रयोगशाळेत लागला. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे खडूने फळ्यावर अमिबा काढते. शाळेसाठी मायक्रोस्कोप मागितला की दादा ‘बघू’ म्हणायचा. ते बघू अजून चालूच होतं.

त्याचा नवा जीव म्हणे प्रत्येक तळ्यात होता, विहिरीत होता, नळाच्या पाण्यातसुद्धा. शिवाय भलताच धीराचा. काचपट्टी सरकवली की बाकीचे वाहून जात, हा जागचा हलत नसे. त्याला दादा स्वतःचं नाव देणार होता. शनिवारी, कार्यालयाच्या सभागृहात, पडद्यावर.

बाबांचा एक नियम होता. काही विचित्र दिसलं की आधी आयपीस फिरवायचा. सोबत फिरलं तर घाण आपली, नाही फिरलं तर पाण्याची. हे सांगेपर्यंत दादा खेळायला पळालेला असायचा. माझ्या एका फोनने त्याची अब्रू वाचली असती. मी फोन हातात घेतला आणि त्याला लिहिलं, ‘तुझ्या साहेबांना जरूर बोलव.’

शनिवारी दादा कोट घालून आला होता. आयपीसच्या वर वेगळ्या स्टँडला कॅमेरा लावलेला होता. साहेब पहिल्या रांगेत, आई त्यांच्या मागे. दादा रंगात येऊन बोलला, टाळ्या पडल्या, शंका विचारा म्हणाला. मी हात वर केला.

“दादा, जरा आयपीस फिरवून दाखव ना.”

ही माझी धाकटी बहीण, शाळेत शिकवते, असं त्याने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं आणि आयपीस फिरवला. पडद्यावर चप्पल पोहत राहिली, गिरणी आपल्या जागी दळत राहिली. धागा मात्र गोल फिरला. दादाने घाईघाईने उलट फिरवला, तर तोही उलट फिरला. मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळं सभागृह. हे नक्की काय आहे, साहेबांनी विचारलं. दादा माझ्याकडे वळला.

“माझ्या पापणीचा केस,” मी म्हणाले. “तू मायक्रोस्कोप घेऊन गेलास ना, त्या दिवशी आत पडलेला. इतकी वर्षं तू तोच बघतोयस.”

वाईट वाटलं म्हणाले तर खोटं होईल. जिवाला असा थंडावा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

लोक पांगल्यावर दादाने मायक्रोस्कोप पेटीत भरला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. जिन्यात आईने मला गाठलं.

“घरातली घाण चारचौघांत दाखवलीस. घरात सांगता येत नव्हतं?”

पेटी जड होती. मी हात बदलला.

“घरात सांगितलं असतं, तर हा मायक्रोस्कोप घरातच राहिला असता.”