प्राप्तीच्या ट्रेलरची मागची चाकं

मित्रांनो, मी बालवाडीतला एक जुना, बुटका बाक आहे. माझ्यावर कोणी बसत नाही. मुलं खाली सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि माझ्यावर कागद ठेवून चित्रं रंगवतात. माझा एक पाय जरा आखूड आहे. त्याच्याखाली करवंटीचा तुकडा सरकवलेला असतो. तो निसटला की मी डुलतो आणि एखाद्याची बस रस्ता सोडून शेतात जाते. त्यात त्या मुलाची काही चूक नसते.

माझं लाकूड आधी पाण्यावर होतं. उरणच्या मिठागरांतून मीठ वाहून नेणारी एक होडी होती, तिची मी फळी. पुढे मीठ ट्रकने जाऊ लागलं आणि होडी खाडीच्या चिखलात पडून राहिली. अनंता सुतारांनी तिच्या धड राहिलेल्या फळ्या काढल्या आणि बालवाडीसाठी बाक केले. रंधा मारता मारता ते म्हणाले, "खारं लाकूड हाय. वाळवी वाटेला जायची न्हाय." तेव्हापासून मी जमिनीवर आहे. पण माझ्यावरून चित्रांतली वाहनं जात राहिली, म्हणून मला कधी परकं वाटलं नाही.

आमच्या कोकिळाबाई दर आठवड्याला वाहनांची चित्रं वाटतात. पूर्वी मुलं लाल एसटी रंगवायची, ट्रॅक्टर रंगवायची. न्हावा शेव्याचं बंदर वाढलं तसे डंपर आले, क्रेन आल्या. बाईंची एक सवय आहे. मुलाचा रंग रेषेबाहेर गेला तरी त्या रागावत नाहीत. मागे उभ्या राहून विचारतात, "कुठे चालली गाडी?" मग मूल सांगतं, मामाकडे किंवा बाजारात, आणि बाई पुढे जातात.

रंगवलेले कागद घरी जातात, भिंतीला चिकटवले जातात, आई त्यांचं कौतुक करते. कागदाबाहेर सांडलेलं तेवढं माझ्याकडे राहतं. एसटीच्या टपाची लाल कड, विमानाच्या शेपटीचं टोक, धुराचा एक करडा फराटा. माझ्याकडे पूर्ण वाहन एकही नव्हतं. ते कोणाच्या लक्षातही येत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवत आणि माझ्या पोटाखाली पाल राहायला येई.

मग प्राप्ती आली.

तिचे बाबा, जीवन, बंदरातून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवतात. ते घरी येत तेव्हा ती बहुतेक झोपलेली असे आणि ती उठायच्या आत ते निघालेले असत. एके दिवशी बाईंनी तिला ट्रकचं चित्र दिलं. हसरे डोळे असलेला, आखूडसा ट्रक.

"बाई, हा ट्रक न्हाय. हा छोटा हत्ती हाय."

शेजारचा केतन हसला. "हत्तीला सोंड कुठाय गो?"

"गाडीला म्हणतात तसं. तुला काय म्हाईत?"

तिने केबिन नारिंगी केली. कंटेनर निळा करायला घेतला तो ट्रकची मागची रेघ ओलांडून पुढे गेला. कागदाची कड आली. ती थांबली नाही. कंटेनर कागदावरून माझ्यावर उतरला.

बाई मागे उभ्याच होत्या. "कुठे चालली गं गाडी?"

"बाबांची हाय. अजून संपली न्हाय."

मग चाकामागून चाकं आली, लाल दिवे आले आणि अगदी शेवटी एक काळा ठिपका. बालवाडीतल्या मदतनीस सोनूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता हे कोण घासनार? मीच ना." प्राप्ती कागद घेऊन घरी गेली. अर्धा ट्रेलर माझ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "बाई, सकाळी बाबा घरी होते. म्हणाले, गाडी झकास हाय, पण मागची चाकं कुठं पडली? रस्त्यात कुणाला गावली काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"शालंत हायत म्हटलं. नाशिकवरनं आले की बगायला येनार."

बाबांनी तो कागद केबिनमध्ये काचेजवळ लावला आणि ते निघून गेले.

त्याच आठवड्यात गावातल्या कोणीतरी बालवाडीला हिरवा ऑइलपेंट दिला. शनिवारी सगळे बाक रंगवायचे ठरले. आदल्या दिवशी सोनूबाईंनी ते घासून ठेवायचे होते. हे कळल्यावर प्राप्तीने दोन्ही हात पसरून मला झाकलं. "बाबांनी अजून बगितलं न्हाय."

बाईंनी जीवनला फोन लावला. तो परतीच्या वाटेवर होता, पण बंदराच्या रांगेत अडकला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. कधी सुटेल, काही सांगता येत नव्हतं. बाई प्राप्तीला खोटा धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुझा बाक शेवटी घ्यायला सांगते."

शुक्रवारी सोनूबाईंनी काथ्या आणि साबण घेऊन एकेक बाक घासला. शेवटी माझ्याकडे आल्या. होडीत असताना मी लाटा सोसल्या होत्या, पण त्या काथ्याची मला जास्त भीती वाटली. दोन चाकं गेली. प्राप्ती आईची वाट बघत दारात उभी होती. सोनूबाईंचा हात त्या काळ्या ठिपक्यापाशी आला.

"हे काय गो? झुरळ काढलंस?"

"बाबांची चप्पल. गाडीला नजर लागू नये म्हणून मागं बांधल्याली."

सोनूबाईंचा हात तिथेच थांबला. काथ्यातलं पाणी माझ्यावर ठिबकत राहिलं.

"गाडी आता कुठं हाय?"

"रस्त्यात."

सोनूबाईंनी काथ्या बादलीत टाकला. बाईंना म्हणाल्या, "गाडी रस्त्यात असताना नजरेची चप्पल सोडवायची न्हाय. मी तरी न्हाय सोडवायची. तुमच्या रंगवाल्याला सांगा, ह्यो बाक ऱ्हाऊ द्या."

शनिवारी बाकीचे बाक हिरवेगार झाले. मी तसाच राहिलो.

सोमवारी जीवन आला. तांबारलेले डोळे, हातात तो कागद. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसला. त्याने कागद माझ्यावर ठेवला, पुढेमागे सरकवला आणि निळ्याला निळा जुळवला. मग त्याने त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"काय गो बाय, माझी चप्पल पन काढलीस?"

"दोन चाकं पुसली," प्राप्ती म्हणाली.

"मग बसवूया की."

तिने काळा खडू दिला. त्याच्या बोटांत तो लगेच मोडला, तेव्हा अर्धा तुकडा तिने घेतला. बापलेकींनी एकेक चाक काढलं. त्याचं चाक वाकडं आलं. केतन म्हणाला, "काका, तुमचं बाहेर गेलं."

मित्रांनो, तुमच्या शेजारच्या मुलाचा रंग रेषेबाहेर गेला तर हसू नका आणि लगेच पुसूही नका. त्याची गाडी कुठे चालली आहे, ते आधी विचारा. आणि एवढं माझ्यासाठी करा, त्या आखूड पायाखाली करवंटी आहे ना, ते रोज बघत जा. माझ्याकडे आता एक ट्रेलर आहे. तो हलता कामा नये.